पाण्याच्या उलट दिशेने

माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. काही वर्षांपूर्वी तो बायकामुलांसह सिनसिनाटी शहराखालचा बंद पडलेला भुयारी रेल्वेमार्ग पाहायला गेला होता. यंदा मे महिन्यात तो पुण्याला आला, तेव्हा आमच्या येरवड्याच्या घरी त्याने त्या सहलीचे फोटो दाखवले. काँक्रीटचे ओकेबोके फलाट, विजेरीच्या उजेडात हरवत गेलेला बोगदा, आणि त्या बोगद्यातून जाणारी पाण्याची एक जाडजूड वाहिनी. फलाट बांधले, जिने बांधले, पण गाडी कधी आलीच नाही.

माझा दहा वर्षांचा मुलगा ते फोटो पुन्हा पुन्हा बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "आई, आपल्याकडे आहे का असं बंद पडलेलं भुयार?"

मी उत्तर शोधत होते. सासूबाई शेजारी बसून आंबे पिळत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आहे की. त्यातलं पाणी मी प्यायलेय."

या लेखाची सुरुवात तिथे झाली. पुढचे चार महिने मिळेल ते वाचलं, जाणत्या माणसांना विचारलं, आणि गणपती झाल्यानंतरच्या एका रविवारी आम्ही पाच जण सहलीला निघालो: सासूबाई, आम्ही दोघं, मुलगा आणि कॉलेजात शिकणारी लेक. कुठे निघालात, असं शेजाऱ्यांनी विचारलं. मुलाने सांगितलं, "पाण्याची वाट बघायला."

गाडी आली नाही, पाणी आलं

सिनसिनाटीची गोष्ट आधी सांगते, कारण आमच्या पुण्याच्या गोष्टीचा तो आरसा आहे. त्या शहरातून मायामी-इरी नावाचा कालवा जात असे. रेल्वे आल्यावर कालव्यातली नावांची वाहतूक संपली आणि मागे साचलेलं घाण पाणी उरलं. मग शहराने ठरवलं की याच कालव्याच्या पात्रात भुयारी रेल्वे करायची आणि वरून रुंद रस्ता न्यायचा. १९१६ मध्ये मतदारांनी त्यासाठी ६० लाख डॉलरच्या कर्जाला मान्यता दिली. पण पहिलं महायुद्ध आडवं आलं. काम सुरू व्हायला १९२० उजाडलं आणि तोवर मजुरी, सिमेंट, लोखंड सगळंच महागलं होतं. सुमारे दोन मैलांचा बोगदा आणि काही स्थानकं झाल्यावर १९२७च्या सुमारास पैसे संपले. रूळ पडले नाहीत, डबे विकत घेतले नाहीत. वरचा सेंट्रल पार्कवे हा रस्ता १९२८ मध्ये सुरू झाला आणि खालचा बोगदा अंधारात राहिला. त्याचं कर्ज मात्र शहर १९६६ पर्यंत फेडत होतं.

तरीही तो बोगदा वाया गेला नाही. १९५०च्या दशकात त्यातून शहराची मोठी जलवाहिनी नेण्यात आली. म्हणजे आधी तिथे कालव्याचं पाणी होतं, मग रेल्वेचं स्वप्न आलं, आणि शेवटी पुन्हा पाणीच आलं. अमेरिकेतल्याच रोचेस्टर शहरानेही जुन्या कालव्याच्या पात्रातच भुयारी रेल्वे केली. ती १९२७ ते १९५६ एवढीच वर्षं चालली. न्यूयॉर्कचं १९०४चं कमानदार सिटी हॉल स्थानक १९४५च्या शेवटच्या दिवशी बंद झालं, लंडनचं ऑल्डविच १९९४ मध्ये. या दोन्ही ठिकाणी आता तिथली वाहतूक संग्रहालयं लोकांना तिकीट लावून नेतात. मुंबईतही राजभवनाखाली २०१६ मध्ये सापडलेला इंग्रजांच्या काळातला भूमिगत खंदक २०२२ मध्ये क्रांतिकारकांच्या स्मृतिदालनात बदलला.

पुण्यात हा क्रम नेमका उलटा आहे. इथे शहराखालून आधी पाणी आलं. ते थांबल्यावर दीडशे वर्षांच्या आत त्याच पेठांखालून रेल्वे आली. आणि आता ती रेल्वे पाण्याच्या उगमाकडे निघाली आहे.

येरवड्यातून

येरवडा मेट्रो स्थानक २१ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू झालं. ते उंच खांबांवर आहे, त्यामुळे आमची जमिनीखालची सहल झाडांच्या शेंड्यांवरून सुरू झाली. एका बाजूला नगर रस्ता दिसतो. याच रस्त्यावर २०१६ मध्ये बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठीची वेगळी मार्गिका सुरू झाली होती. रस्त्याच्या मधोमध थांबे, काचेची दारं, निळे-पांढरे खांब. लेकीने शाळेत असताना त्या थांब्यांवरून रोज बस पकडली. २०२३ पासून ते सगळं उखडायला सुरुवात झाली आणि आज तिथे काही होतं हे नव्याने आलेल्या माणसाला सांगूनही पटत नाही. जमिनीवरची सोडून दिलेली गोष्ट शहर पुसून टाकतं, कारण तिची जागा लगेच हवी असते. जमिनीखालची गोष्ट मात्र कुणी न पाहता तशीच राहते. तिला टिकवते ती विस्मृती, आणि तिचा घातही एक दिवस विस्मृतीच करते.

याच मार्गाची आणखी एक गोष्ट मी मुलांना सांगितली. मेट्रो आधी नगर रस्त्याने आगाखान पॅलेससमोरून जाणार होती. कस्तुरबांनी आणि महादेवभाई देसाईंनी जिथे शेवटचा श्वास घेतला ती ही वास्तू राष्ट्रीय स्मारक आहे, आणि अशा स्मारकाच्या लगत बांधकाम करायला कायद्याने बंदी आहे. म्हणून मार्ग कल्याणीनगरकडून वळवला गेला. एका स्मारकासाठी मेट्रोने वळसा घेतला, हे मला मोलाचं वाटतं. पण जे स्मारक दिसतच नाही, ज्याच्यावरून आपण रोज चालतो, त्याच्यासाठी कोण वळणार?

गाडीने नदी ओलांडली आणि जिल्हा न्यायालय स्थानकात आम्ही उतरलो. इथे दोन मार्ग एकमेकांना छेदतात. एक आकाशात, दुसरा पाताळात. एक सरकता जिना संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होतो. हे स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे, म्हणजे दहा मजली इमारत उलटी पुरावी एवढं. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. खाली पोचल्यावर त्या म्हणाल्या, "विहिरीत उतरल्यासारखं वाटतंय गं."

जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. बोगदे खोदणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा, पवना अशी नद्यांची नावं दिली होती. त्या यंत्रांनी मुठेच्या पात्राखालून वाट काढली. मुलाने डब्यातल्या नकाशावर बोट ठेवून विचारलं, "आपण आता कुठल्या दिशेने जातोय?" मी सांगितलं, "दक्षिणेला. पाणी कात्रजहून उत्तरेला येत होतं. आपण पाण्याच्या उलट दिशेने चाललोय."

कात्रजचा नळ

पुण्यात जो वाडा जुना, त्याला भुयाराची दंतकथा असतेच. शनिवारवाड्यातून पर्वतीला जाणारं भुयार, सिंहगडापर्यंत घोडा दौडेल असं भुयार. लहानपणी आम्ही या कथांवर वाढलो. पुण्याखालचं खरं, लांबच लांब भुयार राजाच्या पळण्यासाठी खोदलेलं नव्हतं, ते रयतेच्या घागरीसाठी बांधलेलं होतं. मला ही वस्तुस्थिती त्या सगळ्या दंतकथांपेक्षा मोठी वाटते.

शनिवारवाडा १७३२ मध्ये बांधून झाला आणि पुणं कसब्याचं शहर होऊ लागलं. नव्या पेठा वसत होत्या. नदी जवळ असली तरी उन्हाळ्यात ती आटायची आणि विहिरी पुरेनात. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७४९च्या सुमारास, कात्रजच्या डोंगरउतारावर ओढ्याला बांध घालून तलाव करण्याचं काम सुरू झालं. एकाखाली एक असे दोन तलाव. वरच्यात गाळ बसायचा, निवळलेलं पाणी खालच्यात यायचं. तिथून शहरापर्यंत काही कोसांचा दगड-विटा-चुन्यात बांधलेला, वरून झाकलेला जलमार्ग. लोक त्याला 'नळ' म्हणत. आज नळ म्हटल्यावर तोटी डोळ्यांपुढे येते, पण हा नळ माणूस आत उतरून चालू शकेल एवढा होता. दुरुस्ती करता यावी म्हणून तो मुद्दाम तसा बांधला होता.

त्याला पंप नव्हता, इंजीन नव्हतं. कात्रज शहरापेक्षा उंचावर आहे. तेवढा उतार हेच त्याचं इंजीन. उतार जास्त झाला तर पाणी वेगाने धावून बांधकाम खरवडतं. कमी झाला तर गाळ धरून थांबतं. त्यामुळे कित्येक किलोमीटर हा उतार बेताने राखावा लागतो. मधे ओढे, खडक, चढउतार येतात. साध्या उपकरणांनी हे साधणाऱ्या गवंड्यांची, पाथरवटांची, बेलदारांची नावं कुठे कोरलेली नाहीत. नळ बांधला म्हणून आपण पेशव्यांचं नाव घेतो. उतार बिनचूक राखला म्हणून या माणसांचंही घ्यायला हवं होतं.

वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास आहेत. हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला त्याला मी मनोमन नमस्कार करते. नळावर उभारलेले हे बुटके मनोरे. आतल्या पाण्याला आणि हवेला मोकळा श्वास मिळावा, कोंडलेल्या हवेने प्रवाह अडू नये, म्हणून ते वर उघडे. खाली तळाशी खड्डा, त्यात गाळ बसतो. सफाईसाठी माणूस उतरतो तोही इथूनच. म्हणजे एकाच बांधकामात हवा, गाळ आणि दुरुस्ती या तिन्हींची सोय. पेठांमध्ये आल्यावर पाणी फाटे फुटून हौदांत जाई. शनिवारवाड्यातल्या हजारी कारंजांत ते उसळे आणि पेठेतल्या बाईच्या हंड्यातही पडे. पुढे नाना फडणवीसांनी आंबेगावाकडून दुसरा नळ आणला आणि सदाशिव पेठेला पाणी मिळालं.

हौदावर कोण

कसबा पेठ स्थानकात आम्ही वर आलो. तिथून साततोटी चौक चालत गाठला. ही नावं आपण पत्ता सांगण्यापुरती वापरतो. सात तोट्यांचा हौद म्हणून साततोटी. शुक्रवार पेठेत बदामी हौद, काळा हौद. पाणी गेलं, हौद अडगळीत गेले किंवा बुजले, पण चौकांनी नावं सोडली नाहीत. लेक म्हणाली, "म्हणजे रिक्षावाल्यालासुद्धा नळाचा नकाशा पाठ आहे, फक्त त्याला ते माहीत नाही." मला ते तंतोतंत पटलं.

तिथून पुढे मंडईमार्गे गंजपेठेतल्या महात्मा फुले वाड्यात गेलो. जमिनीखालून पाणी समान वाहत होतं, पण हौदावर माणसं समान नव्हती. सार्वजनिक म्हणवल्या जाणाऱ्या पाणवठ्यांवर अस्पृश्य मानलेल्यांना मज्जाव होता. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. तो हौद वाड्याच्या आवारात आजही पाहता येतो. मुलगा कठड्याजवळ बराच वेळ उभा होता. मग त्याने विचारलं, "पण पाणी तर तेच ना?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला या देशाला किती वर्षं लागली, हे मी त्याला सांगत गेले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंना घेऊन गेले ते याच प्रश्नासाठी. आणि पाचच वर्षांनी, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. येरवडा ते गंजपेठ हे अंतर नकाशावर थोडंसं आहे. इतिहासात मात्र ते एका घोट पाण्याएवढं जवळ आहे, आणि तो घोट नाकारलेल्या पिढ्यांएवढं लांब.

म्हणून नळाचं कौतुक करताना मी मुलांना एवढं बजावलं: बांधणी चोख असली म्हणजे व्यवस्था चोख झाली असं नाही. दगडाचा उतार बरोबर होता, माणसांचा नव्हता.

१२ जुलै १९६१

खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये पूर्ण झालं. लोखंडी वाहिन्यांतून, तोटीतून पाणी घरोघर पोचू लागलं आणि हळूहळू कात्रजच्या नळाची गरज उरली नाही. पण तो मेला नव्हता. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. पुराच्या पाण्याने वेढलेल्या शहरात प्यायला पाणी नव्हतं. ज्या धरणामुळे जुना नळ विसरला गेला तेच धरण नाहीसं झालं, तेव्हा पुणेकर कळशा घेऊन पुन्हा हौदांवर आले.

सासूबाई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या, आज नातू आहे तेवढ्या. माहेर शुक्रवार पेठेत, नदीपासून दूर, म्हणून घर वाचलं. बदामी हौद चौकात उभं राहून त्यांनी सांगितलं, "आमच्या वाड्यात पूरग्रस्तांची तीन बिऱ्हाडं आली होती. आई म्हणाली, जा, हौदावर रांग धर. पहाटे गेले तर दिवस वर आल्यावर नंबर लागला. पितळेची कळशी, मी एवढीशी. पाणी गार होतं. बाकी सगळ्या गावाला चिखलाचा वास येत होता, त्या पाण्याला नव्हता."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यानंतर कधी कुणी विचारलंच नाही त्याच्याबद्दल."

त्यांचं हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि या लेखात मला काय म्हणायचं आहे ते कळलं. 'बंद पडलेलं' हा शब्द आपण फार सहज वापरतो. दोनशे वर्षं जुना नळ आणीबाणीत शहराच्या कामी आला, कारण तो साधा होता, दुरुस्त करता येण्याजोगा होता, विजेवर अवलंबून नव्हता. शहराला एकाच धरणाचा, एकाच वाहिनीचा आधार पुरत नाही, हा १९६१चा धडा होता. तो आपण पुरासोबत वाहू दिला.

उच्छ्वास

मंडईहून मेट्रोने स्वारगेटला आलो. भुयारी मार्ग सध्या इथे संपतो. याच ठिकाणी मार्च २०१९ मध्ये मेट्रोचं खोदकाम चालू असताना जुनं भुयार उघडं पडलं होतं. पुण्यात दंतकथांना ऊत आला. जाणकारांनी पाहणी करून त्याचा संबंध जुन्या पाणीपुरवठ्याशी जोडला. पुन्हा तेच: खजिना नाही, चोरवाट नाही, पाणी.

स्वारगेटहून बसने सातारा रस्त्याने निघालो. आतल्या गल्लीत, एका सोसायटीच्या भिंतीला चिकटून एक उच्छ्वास उभा आहे, असं एका अभ्यासू स्नेह्याने सांगितलं होतं. शोधायला अर्धा तास लागला. दगड आणि विटा, चुना जागोजागी सुटलेला, भेगेतून पिंपळाचं रोप आलेलं, पायथ्याशी कचरा. शेजारच्या दुकानदाराला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "जुनं काहीतरी देवाचं असेल." कुणीतरी कोनाड्यात कुंकू लावलेलं होतं. ज्याला आपण ओळखत नाही त्याला निदान देव मानून पाडू नये, एवढं शहाणपण तरी आपल्या लोकांत आहे, आणि त्यानेच बहुधा तो वाचला आहे. पण सगळे वाचले नाहीत. पाया खोदताना, रस्ता रुंद करताना कित्येक गेले. नळात जागोजागी सांडपाणी शिरलं आहे. ज्या तलावातून पुणं पाणी प्यायलं तोही भोवतालच्या वस्तीच्या सांडपाण्याशी झगडतो आहे.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्वारगेट ते कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या भुयारी मेट्रोला मंजुरी दिली. मार्केटयार्ड, पद्मावती, कात्रज अशी स्थानकं त्यात धरली होती. नव्या बोगद्याची आणि जुन्या नळाची दिशा एकच आहे. नवा बोगदा कितीतरी खोल असेल, पण स्थानकांसाठी वरून खोदावंच लागतं. मला मेट्रो हवी आहे. सासूबाईंना येरवड्याहून कात्रजला मैत्रिणीकडे एका तिकिटात जाता यावं, असं मनापासून वाटतं. पण त्या खोदकामाआधी नळाची नोंद व्हावी: कुठून जातो, किती खोल, कुठे शाबूत, कुठे तुटलेला. उरलेल्या प्रत्येक उच्छ्वासावर दोन ओळींची पाटी लागावी. नळाचा एखादा धड तुकडा साफ करून, उजेडाची आणि हवेची सोय करून शाळांच्या सहलींसाठी खुला व्हावा. सिनसिनाटीत कधीही न धावलेल्या गाडीचा बोगदा बघायला लोकांनी रांगा लावल्या. आपला नळ तर शतकभराहून अधिक काळ रोज धावला. आणि पद्मावतीच्या नव्या स्थानकाच्या भिंतीवर त्याचा नकाशा चितारला, तर वर-खाली अशा दोन्ही वाटा एकाच शहराच्या आहेत हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल.

कात्रजला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या आवारातून तलाव दिसतो. पावसाने भरलेला, काठावर बगळे. सासूबाई बाकावर बसल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी हा तलाव पहिल्यांदा पाहिला. ज्याचं पाणी लहानपणी कळशीत भरलं, तो असा डोंगराच्या कुशीत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. "एवढ्या लांबून येत होतं होय," एवढंच त्या म्हणाल्या आणि पाण्याकडे बघत हात जोडले.

परतताना स्वारगेटला खाली उतरून गाडी पकडली. दिवसभराच्या चालण्याने सगळे थकलो होतो. गाडी सुटली, काचेपलीकडे बोगद्याची भिंत सरकू लागली. मुलगा काचेला नाक लावून उभा होता. तो आजीकडे वळून म्हणाला, "आजी, आता आपण पाण्याबरोबर चाललोय."

त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि पुढचं स्थानक येईपर्यंत सोडला नाही.